कायदेशीर चार बोटं

गेवराईच्या बैलबाजाराचं मैदान बाजार नसला की मोकळं पडलेलं असतं. तिथं वाट नाही, वळण नाही, समोरून यायला कुत्रंसुद्धा नाही. त्या मैदानात जीप वळवताना इंडिकेटर देणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. इंडिकेटरवर भागायचं नाही म्हणून हातबी बाहेर काढायचा. मी एकदा विचारलं, "साहेब, कुणाला दावता?" तर म्हणला, "मिस्त्री, मैदान असलं म्हणून काय झालं? वळतोय तर मी."

गाव त्याला कायदेशीर म्हणायचं. "कायदेशीर आला बे" म्हणलं की टपरीवरचे लोक उगंच पाय जवळ घेऊन बसायचे. तोंडावर आम्ही साहेब म्हणायचो. तो जनावरांच्या सरकारी दवाखान्यात होता. डॉक्टर नव्हता, पशुधन पर्यवेक्षक होता, अन् हे तो दिवसातून वीस वेळा सांगायचा. एखाद्याची म्हैस अडलेली असायची, माणूस रडकुंडीला येऊन "डॉक्टर, चला" म्हणायचा, अन् हा आधी त्याला पर्यवेक्षक म्हणायला शिकवायचा. शिकवत शिकवत चालत मात्र असायचा, ते खोटं बोलणार नाही.

आता तो पुण्याला लेकीकडं सातव्या मजल्यावर राहतो म्हणतात. लिफ्टमधी किती माणसं चालतील ते वाचून, मोजून, मग आत पाय टाकत असंल.

मी कमानीवाला. हायवेच्या कडेला माझं दुकान होतं. कमान म्हणजे चाकावर गाडी पेलून धरणारे वाकवलेले लोखंडी पाटे. ओझ्यानं ते सपाट होतात, त्याला आम्ही कमान बसली म्हणतो. मग भट्टीत तापवायचे, घणानं ठोकायचे अन् परत बाक द्यायचा. शाळा माझी चौथीपर्यंत. बायको जाऊन दुसरं वर्ष लागलंय. तिच्याबद्दल लिहायला बसलो की हात चालत नाही, म्हणून या माणसाबद्दल लिहितो. त्यात ती येतीच.

साहेबाची जीप त्याच्या खात्याचीच होती, लिलावात काढलेली. जुनी, पण चारी चाकांना जोर देणारी. ही जीप त्याला जनावरच वाटायची. सकाळी बॉनेट उघडून कानाला ती डॉक्टरी नळी लावायचा अन् इंजिन ऐकायचा. गाडी सुरू झाली नाही की "खात नाही" म्हणायचा. ब्रेक लागले नाहीत की "ऐकत नाही." गावातली गुरं त्याला नावानं माहीत नव्हती, कानातल्या बिल्ल्याच्या नंबरानं माहीत होती. कुणी म्हणलं, "साहेब, आमची कपिली चारा खात न्हाई," तर हा आकाशाकडं बघून बारा आकडे म्हणायचा अन् शेवटी विचारायचा, "हीच ना?" मालकालाच नंबर माहीत नसायचा, तो बिचारा हो म्हणायचा.

रिटायर झाल्यावरबी त्याचं फिरणं थांबलं नाही. पगार बंद झाला म्हणून मेंढ्यांना रोग येणं बंद झालं नाही, असं म्हणायचा. औषध मात्र स्वतः द्यायचा नाही. "आता मला अधिकार नाही." नुसतं बघायचा, कागदावर लिहून द्यायचा अन् दवाखान्यात पाठवायचा.

आमच्या घरचीचं माहेर उमापूरच्या पुढं, नदीकडच्या वस्तीवर. तिथं माझ्या मेव्हण्याचं शेत अन् मेंढरं. पहिले आम्ही मोटरसायकलवर जायचो. मग तिच्या पायाला सूज यायला लागली, चार पावलं चाललं की दम लागायला लागला. छातीचं दुखणं निघालं. मोटरसायकल बंद झाली. अन् तिकडं रस्त्याचं काय झालं, तर वाळूचे टिप्पर जाऊन जाऊन दोन्ही बाजूला गुडघाभर चाकोऱ्या पडल्या अन् मधी मातीचा उंच वरंबा राहिला. चाकं चाकोरीत गेली की गाडीचं पोट वरंब्यावर घासायचं. रिक्षावाला येत नव्हता, कारवाला तर नुसतं नाव ऐकून फोन ठेवायचा. तीन वर्षं तिला माहेर दिसलं नव्हतं.

मी म्हणलं, "ट्रॅक्टर सांगतो. ट्रॉलीत गादी टाकू."

"मी काय ऊस हाय का?" ती म्हणली. "ट्रॉलीत बसून म्हायेरी जाऊ?"

त्या रस्त्यानं जाणारी एकच गाडी उरली होती, ती साहेबाची. तिचंबी पोट घासायचंच, पण ती निघायची. मग आमच्या घरचीनं त्याला चहा पाजून विचारलं, "भाऊ, मला एक डाव म्हायेरी न्या. आता किती डाव जानं व्हतं कुनाला ठाव."

साहेबानं कप खाली ठेवला. "वहिनी, या गाडीत नाही. घासली की फार धक्का बसतो. तुम्हाला चालायचा नाही. गाडी आधी वर घ्यावी लागेल."

मी लगेच म्हणलं, "लोखंडी ठोकळे घालतो कमानीखाली. दुपारच्याला वीतभर वर. वरून जाडं टायर टाका, ट्रॅक्टरवानी दिसंल."

"कायद्यात बसतंय का?"

"साहेब, अख्ख्या जिल्ह्यात लोक घालतात."

"मी टिप्परवाल्यांवर तहसीलला अर्ज केलाय, त्यांनी वरच्या फळ्या वाढवल्यात म्हणून. मीच ठोकळे घातले तर ते माझ्यावर करतील. आणि बरोबर करतील."

मग त्यानं मला घेतलं अन् आम्ही बीडला गाड्यांच्या ऑफिसात गेलो. तिथं त्यानं खिशातून अर्ज काढला. कोरा करकरीत, घडीसुद्धा सरळ. वर विषय लिहिलेला, "माझ्या जीपची उंची कायद्यात बसेल तेवढी वाढवण्याबाबत."

इन्स्पेक्टरनं तो अर्ज दोनदा वाचला. मग माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं.

"काका," इन्स्पेक्टर म्हणला, "हे लोक करतात. विचारायला येत नाहीत."

"मी आलोय."

"विचारलं की मला नाही म्हणावं लागतं."

"कशाकशाला नाही ते सांगा. उरेल ते मी करतो."

असं म्हणून खुर्ची ओढून बसलाच. माणूस भला होता, बाहेर लाईन लागली तरी त्यानं एकेक सांगितलं. ठोकळे घालायचे नाहीत. सांगाड्याला कापाकापी नाही. टायर कंपनीनं ह्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला दिलंय तेवढंच मोठं, त्याच्यावर बोटभर नाही. कागदावर लिहिलंय त्यात अन् गाडीत फरक पडायला नको.

"आणि कमान?" साहेबानं विचारलं. "ती वीस वर्षांत बसलीय. कंपनीनं जेवढी उंच दिली होती तेवढी परत केली तर?"

"ती तर दुरुस्ती झाली. दुरुस्तीला मी कोण नाही म्हणणार?"

बाहेर आल्यावर साहेबाचा चेहरा असा झाला, जसं काय गाय पहिल्याच वेताला कालवड व्याली. रस्त्यातच माझा हात धरून म्हणला, "मिस्त्री, गाडी उचलायची नाहीच आपल्याला. बसलेलं जनावर उभं करायचंय."

घरी आल्यावर त्यानं हिशोब मांडला. कमानीची अडीच बोटं, कमानीच्या टोकाला बसवायच्या नव्या रबरांचं अर्धं, वरच्या मॉडेलच्या टायराचं एक. झाली चार बोटं.

आमची घरची म्हणली, "चार बोटांसाठी बीडला गेलताव?"

"कायदेशीर चार बोटं, वहिनी."

ती मला आत बोलवून हळूच म्हणली, "अवो, माझं म्हायेर तरी कायद्यात बसतंय का, तेबी इचारून घ्या यांना."

पुढं जे झालं त्यात चूक माझीच. पण फीत त्याची होती.

कंपनीचं जुनं पुस्तक त्यानं कुठून तरी मिळवलं होतं. जमिनीपासून बॉडीच्या काठापर्यंत पुढं किती, मागं किती, ते त्यानं कागदावर लिहून दिलं. माझा टेप मी काढला तर म्हणला, "बाजारातला टेप खोटा असतो. हा घ्या, सरकारी." अन् त्याची ती जनावरं मोजायची फीत माझ्या हातात दिली. गुराच्या छातीला गुंडाळायची ती फीत. एका बाजूला सेंटीमीटर असतात. दुसऱ्या बाजूला, तेवढ्या घेराचं जनावर किती किलोचं भरंल, ते छापलेलं असतं. हे मला काय माहीत? मला आकडे कळतात, आकड्यापुढचं बारीक कोण वाचतंय.

पुढच्या कमानी मी बरोबर केल्या. दुपारी जेवून आलो, फीत उलटी हातात आली. मागचा आकडा सत्याण्णव. भट्टी पेटलेली, कमान लाल झालेली, मी ठोकतोय अन् मोजतोय, सत्याण्णव काय येईना. मला वाटलं, पूर्वीच्या गाड्या काय उंच होत्या. आणखी ठोकलं. संध्याकाळी गाडी चाकावर उभी केली अन् मागं सरकून बघितलं तर जीपनं तोंड मातीत घातलेलं अन् मागचं ढुंगण वर.

समोरच्या पंक्चरवाल्यानं हवेचा पाइप टाकून दिला अन् बसून हसला. टपरी रिकामी झाली, सगळे माझ्या दुकानापुढं. तेवढ्यात साहेब आला. मी मान खाली घातली. तो गाडीभोवती एक चक्कर फिरला, खाली वाकला, मागं हात लावला.

"मिस्त्री, मागची बाजू कशात मोजली?"

"फितीत."

"किलोत मोजलीय."

लोक परत हसायला लागले. साहेब नाही हसला. तो शांतपणे लोकांना सांगायला लागला, "गाय उठताना अशीच उठते. आधी मागचे पाय, मग पुढचे. अर्धी उठलीय, घाबरायचं काही नाही." असं म्हणून त्यानं बॉनेटवर थोपटलं. मला लाज वाटायची ती तिथंच गेली. दुसऱ्या दिवशी मी मागच्या कमानी सेंटीमीटरमधी आणल्या. एक केससुद्धा जास्त नाही.

टायर यायला महिना गेला. दुकानदार त्याहून मोठं टायर दाखवायचा अन् हा पुस्तक उघडून दाखवायचा. तोवर आमच्या घरचीचे दोन फेरे बीडच्या दवाखान्यात झाले. डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलायला लागला होता. मी साहेबावर एकदा वसकलो. "तुमचं टायर येईस्तोवर बाई ऱ्हाईल का?" दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं तो संभाजीनगरला गेला अन् चार टायर टेम्पोत घालून, स्वतः सोबत बसून घेऊन आला. टेम्पोवाल्यानं मला नंतर सांगितलं, येताना पूर्ण वाटभर त्यालाबी इंडिकेटर द्यायला लावला.

जायचा दिवस उजाडला. घरची हिरवं लुगडं नेसली. भावाच्या लेकरांना तिनं लाडू बांधले. जीप दारात आली. काय रुबाब होता, खरंच चार बोटं वर. हिनं दांडा धरला, पाय उचलला.

पाय पोचेना.

परत उचलला. सुजलेला पाय, तेवढ्यात दम लागला. ती दांडा धरून तशीच उभी राहिली. जी गाडी तिच्यासाठी वर घेतली, ती तिच्यासाठीच उंच झाली होती. एवढ्या दिवसांत आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

मी स्टूल आणून ठेवलं तर ते डुगडुगलं, तिनं भिऊन पाय मागं घेतला. मी म्हणलं, "धा मिन्टात पायरी वेल्डिंग करतो."

"बॉडीच्या बाहेर निघालेला भाग कायद्यात," साहेब म्हणला अन् थांबला.

"बसत न्हाई ना?" ती म्हणली.

"नाही, वहिनी."

"तर मग मला उचला."

"उचलतो की," मी म्हणलं.

"तुमी? तुमाला सिलिंडर उचलत न्हाई."

साहेब स्टेअरिंगवर हात ठेवून विचार करत बसला. मग एकदम म्हणला, "बैलबाजारात धक्का आहे." धक्का म्हणजे जनावरं टेम्पोत चढवायला केलेला दगडमातीचा उतार. एका बाजूनं जनावर चढत येतं अन् वर आलं की सरळ टेम्पोच्या फाळक्यात. मला राग आला. माझ्या बायकोला जनावराच्या धक्क्यावरून चढवायचं? पण तीच चालायला लागली. बाजार आमच्या घरापासून हाकेवर आहे. दोन ठिकाणी बसत बसत गेली.

तिथं साहेबाचं आणखी एक. जीप धक्क्याला लावली अन् बाजाराच्या कारकुनाकडं गेला, ह्या धक्क्यावरून माणसाला चढायला परवानगी आहे का म्हणून. कारकुनाला आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. तो म्हणला, चढा की. साहेब म्हणला, पावती द्या. कारकुनाकडं पुस्तक एकच, जनावरांचं. त्यानं वैतागून तेच उघडलं अन् तिथूनच ओरडून विचारायला लागला.

"जात?"

"बाई माणूस," साहेब म्हणला.

"रंग?"

"हिरवं लुगडं लिवा," घरची धक्क्यावरून म्हणली.

"शिंगं?"

"हायेत म्हून लिवा. इस्वास नसंल तर यांना इचारा." असं म्हणून तिनं माझ्याकडं बोट केलं.

हसता हसता कारकुनाच्या हातून पेन पडला. ती उतारावरून हळूहळू वर गेली अन् सीटवर अशी बसली, जशी आपल्या घरातल्या पलंगावर. साहेबानं तिला बेल्ट लावला, पावती घडी करून कागदपत्रांत ठेवली, इंडिकेटर दिला अन् निघालो.

उमापूरच्या पुढं चाकोऱ्या लागल्या. साहेब खाली कान देऊन गाडी चालवत होता. वरंबा आला, पोटाखालून गेला. आवाज नाही. पुढचा आला, गेला. आवाज नाही. तिनं माझ्याकडं बघितलं अन् फक्त चार बोटं वर केली.

वस्तीवर पोचलो तर आता उतरायचा प्रश्न. तिथं धक्का कुठला? मेव्हणा म्हणला, "आक्का, मी उचलून घेतो." ती म्हणली, "नगं. हितंच बरं हाय. समदे दिसायलेत."

अन् ती उतरलीच नाही. जीपमधीच बसून राहिली. माहेर तिच्याकडं आलं. भावजयीनं वर चहा दिला, वरच पिठलं-भाकरी दिली. लेकरं चाकावर पाय देऊन चढली अन् लाडू घेऊन उतरली. म्हातारी चुलती आली, तिला ऐकू येत नव्हतं, तर हिनं जीपमधून ओरडून ओरडून तिला तीन वर्षांचं सगळं सांगितलं. त्यातलं माझ्याबद्दलचंबी सगळं वस्तीला कळलं. पोरीबाळी खाली उभ्या राहून वर बघत होत्या. ती पदर सावरून कुणाला हे विचार, कुणाला ते. मी बाभळीखाली बसून बघत होतो. तिचा चेहरा असा मोकळा मी लई दिवसांनी बघितला. साहेब गाडी हलू नये म्हणून चारी चाकांना दगड लावून मेंढरांत गेला होता.

दुपार कलली. निघताना मेव्हण्यानं ज्वारीचं पोतं आणलं. बहिणीला रिकाम्या हातानं पाठवतात का? पाठोपाठ शेंगांचं पोतं, मग भोपळे, मग एक घोंगडी, मग गुळाची ढेप. मेव्हणा अन् त्याची बायकोबी निघाली, आक्काच्या घरी दोन दिवस राहायला. मला वाटलं, साहेब आता सगळं खाली उतरवतोय. त्यानं कागद काढला, किती माणसं अन् किती वजन चालतंय ते वाचलं. मग एकेकाकडं गुराच्या बाजारात बघतात तसं वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही साधारण सत्तर किलो. वहिनी पंचावन्न. भोपळे चौदा." बोटांवर मोजलं अन् म्हणला, "बसतंय."

पहिल्याच वरंब्याला खालून आवाज आला. खर्रर्र.

साहेबाचं तोंड उतरलं. दुसऱ्यालाबी खर्रर्र. सामान अन् माणसांनी कमानी दाबल्या होत्या, ती चार बोटं वस्तीवरच राहिली होती. आम्ही उमापूरपर्यंत घासत आलो. पण धक्का पहिल्यासारखा बसत नव्हता, बाक दिलेल्या पाट्यांनी अन् नव्या रबरांनी तो झेलला. नुसता आवाज. अन् दर आवाजाला आमची घरची हसायची. दम लागेपर्यंत हसायची. मी म्हणलं, "अगं हसू नगंस." ती म्हणली, "साहेबांचं त्वांड बघा की."

संध्याकाळ व्हायच्या आत घरी आलो. आता उतरायचं कसं? बाजाराचं फाटक बंद झालं होतं. मी म्हणलं, "बसून ऱ्हा. शेजारच्या दोघांना बोलवतो, खुर्चीत घालून उतरवू." अन् मी गेलो. खुर्ची घेऊन, दोन माणसं घेऊन परत आलो, तर ती अंगणात उभी. एक हात मडगार्डवर, काखेत भोपळा.

"कशी उतरलीस?"

"पाय टाकला. पोचला." ती माणसांकडं बघून म्हणली, "खुर्ची आनलीच हाय तर साहेबांना बसवा. त्यांचंच अवघड हाय."

साहेब चाकापाशी गुडघ्यावर बसला होता. फीत लावून बघत होता. "सगळी गेली, मिस्त्री. पहिल्यासारखीच झाली." त्याला खरंच वाईट वाटलं होतं. आम्ही त्याला खुर्चीत बसवलं. ती भोपळा घेऊन आपल्या पायानं उंबरा ओलांडून आत गेली.

मग आम्ही सामान उतरवायला घेतलं. मेव्हण्यानं ज्वारीचं पोतं काढलं. साहेबानं बसल्या जागेवरून फीत लावली. "एक बोट आलं." शेंगांचं पोतं काढलं. "आणखी अर्धं." मेव्हण्याची बायको उतरली, गुळाची ढेप उतरली. तो दर खेपेला वाकून बघायचा अन् त्याचा चेहरा तेवढा वर यायचा. शेवटचा भोपळा काढला तशी जीप पुरी चार बोटं वर होऊन उभी राहिली. साहेब खुर्चीतून उठला, लहान लेकरावानी हसला अन् हाक मारली, "वहिनी, बघा, आली."

ती तवर आत स्टोव्ह पेटवत होती. तिथूनच म्हणली, "ऱ्हाऊ द्या तिला तितंच. च्या किती जनांचा टाकू ते सांगा."